पुढे पाठवणारा हात



भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती साजरी करतो. पारायणाची समाप्ती होते, ग्रंथाची पूजा होते, गावातून ग्रंथदिंडी निघते. पण ही तिथी नेमकी कशाची, असे विचारले तर पुष्कळ जण थांबतात. माउलींनी शके १२१२ मध्ये नेवाशाला ग्रंथ सांगितला, सच्चिदानंद बाबांनी तो लिहून घेतला. ती तिथी ही नव्हे. पैठणच्या नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीचे काम पुरे केले, त्या समाप्तीची ही तिथी. ग्रंथ दुरुस्त झाला तो दिवस आपल्या संप्रदायाने त्याची जयंती म्हणून धरला आहे. जगात किती ग्रंथांच्या वाट्याला असे आले असेल, मला माहीत नाही.

शके १२१२ ते शके १५०६ म्हणजे २९४ वर्षे. एवढा काळ ज्ञानेश्वरी हाताने उतरवली जात होती. एकाची पोथी दुसऱ्याने मागून न्यायची, बोरूने नक्कल करायची, मूळ पोथी परत करायची. मग त्या नकलेवरून तिसऱ्याने नक्कल करायची. कोणाच्या हातून ओळ गळली. कोणाला अक्षर लागले नाही, त्याने अंदाजाने भरले. कोणाला जुना शब्द अवघड वाटला, त्याने आपल्या काळचा सोपा शब्द घातला. आणि कोणाला वाचनाच्या रंगात स्वतःचीच ओवी सुचली, तीही त्याने प्रेमाने ग्रंथात बसवून टाकली. यांतला कोणी दुष्ट नव्हता, हे मला इथे मुद्दाम सांगायचे आहे. ज्ञानेश्वरी बिघडवावी म्हणून कोणी बोरू उचलला नाही. ती बिघडली ती भाविकांच्याच हातून, आणि बरीचशी भक्तीच्याच भरात.

परंपरा अशी कथा सांगते की, माउली नाथांच्या स्वप्नात आले आणि म्हणाले, आजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, ती येऊन काढ. नाथ आळंदीला गेले. कथेचा अर्थ ज्याने त्याने आपल्या अधिकाराप्रमाणे लावावा. मला त्यातला कंठ महत्त्वाचा वाटतो. ज्यांची वाणी गावोगाव पोहोचली होती, त्यांचाच गळा आवळला गेला होता. मग नाथांनी ठिकठिकाणच्या पोथ्या मिळवल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि शुद्ध पाठ ठरवला. हेच नाथ त्याआधी काशीला बसून अठरा हजारांवर ओव्यांचे भागवत पुरे करून आलेले होते. ओवी लिहिणे त्यांना काही अवघड नव्हते. तरी त्यांनी माउलींच्या ग्रंथात आपली एक ओवी मिसळली नाही आणि पुढच्यांनीही मिसळू नये असे बजावून ठेवले.

हे सगळे आज आठवण्याचे कारण आपल्या हातातला मोबाइल आहे. समाजमाध्यमे चांगली की वाईट, यावर आपण व्याख्याने पुष्कळ ऐकली आहेत. मुलांचा अभ्यास बुडतो, डोळे बिघडतात, झोप उडते. ते सगळे खरे आहे आणि ते सांगणारे लोक आहेत. मला वारकऱ्याला पडावा असा एकच प्रश्न आपल्यापुढे ठेवायचा आहे. जो शब्द मी लिहिला नाही, फक्त पुढे पाठवला, तो माझा आहे की नाही?

व्हॉट्सॲपवर, फेसबुकवर आपण दिवसभर जे करतो त्यात लिहिणे थोडे आणि उतरवणे फार. जुन्या लेखनिकाला एक पोथी उतरवायला महिने लागत. पोथी संपली की पुष्कळदा तो शेवटी आपले नाव, गाव, तिथी लिही आणि हातून चूक झाली असेल तर सज्जनांनी सुधारून घ्यावी, अशी विनंतीही करी. आपला अंगठा हे काम एका पळात करतो आणि नाव घालत नाही. लेखनिकाची नम्रता गेली, नक्कल करण्याची ताकद मात्र हजारपट वाढली. आपण सगळे नकलनवीस झालो आणि तसे झाल्याचे आपल्याला कोणी सांगितलेही नाही.

आता एक घटना सांगतो. ती आपल्याला ठाऊक असेल, पण पुन्हा आठवणे भाग आहे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडे बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. भिक्षा मागत फिरणारी ही माणसे. घरे सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याच्या बाजूला. मुले पळवणाऱ्या टोळ्या आल्या आहेत असे संदेश त्या भागात कितीतरी दिवस फिरत होते. कोणाला संशय आला, कोणी ओरडले, गर्दी जमली. त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारले. पाचही गेले. एकही मूल पळवले गेलेले नव्हते.

मंगळवेढा म्हणजे चोखोबारायांचे आणि दामाजीपंतांचे गाव, हे आपल्याला सांगायला नको. तिथेच कुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून चोखोबा गेले. आणि नाथपंथ कोणता? मच्छिंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, आणि मग ज्ञानदेव. ज्या परंपरेतून माउलींना उपदेश मिळाला, त्याच परंपरेचे नाव लावणारे पाच जण भिक्षेची झोळी घेऊन दारात आले होते. माउली आणि त्यांची भावंडेही कधी झोळी घेऊन दारोदार फिरली, आणि त्यांच्याविषयीही लोकांनी ऐकीव गोष्टींवरून दारे लावली. ती मुले आपल्या पैठणला आली ती त्याचाच निवाडा मागायला.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींत एक कराचीची होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. मूळ चित्रफीत मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या तिथल्या संस्थेने बनवली होती. तिच्या शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला सुखरूप सोडतात आणि मूल पळवायला एक क्षण पुरतो, अशी सूचना असलेला फलक दाखवतात. आपल्याकडे फिरली तिच्यात शेवट कापलेला होता. म्हणजे जे दिसत होते ते खरेच चित्रित झालेले होते; खोटे होते ते कापणे. सावध करायला केलेली वस्तू शेवट कापल्यावर भीतीची झाली.

पाठवणारे काय म्हणत होते, तेही पाहा. संदेशाच्या शेवटी बहुधा असे असे: खरे-खोटे माहीत नाही, पण आपल्या लेकरांची काळजी घ्या. हे वाक्य वाचले की मला त्या ओव्या घालणाऱ्या लेखनिकांची आठवण होते. हेतू चांगला. एखाद्या मावशीने बहिणीला पाठवले ते भाच्यांच्या मायेनेच. पण या वाक्याचे पुढे काय होते? पहिला पाठवताना म्हणतो, खरे-खोटे माहीत नाही. दुसरा ते ऐकतो, पण पाठवणारा आपला मेहुणा आहे, तो उगाच कशाला पाठवील, असे म्हणून पुढे सरकवतो. तिसऱ्याकडे तो तीन ग्रुपवरून येतो. त्याला वाटते, एवढे लोक म्हणतात म्हणजे असणारच. एकच वाक्य तीन दारांनी आले, तर त्याला तीन साक्षीदार वाटतात. शंका वाटेत गळून जाते आणि शेवटच्या माणसाच्या हाती उरते ती खात्री. राईनपाड्याच्या बाजारात पोहोचली ती ही खात्री. समोर माणसे होती, झोळी होती, चेहरे होते. पण लोक त्यांच्याकडे पाहतच नव्हते, ते मोबाइलमध्ये आधी पाहिलेले पाहत होते.

ही एकटी घटना असती तर अपघात म्हणता आली असती. त्याच वर्षी जूनमध्ये आपल्या वैजापूर तालुक्यात दरोडेखोर समजून जमावाने दोघांचा जीव घेतला. त्या दिवसांतही गावोगावच्या ग्रुपवर चोरांच्या बातम्या फिरत होत्या. आपल्यापैकी कोणी त्या वाचल्या असतील.

राईनपाड्याच्या खटल्याचा निकाल फेब्रुवारी २०२४ मध्ये लागला. धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. ज्यांच्या हातांनी मारले त्यांना शिक्षा झाली, हे योग्यच. पण तो संदेश किती अंगठ्यांनी ढकलत तिथवर आणला, हे न्यायालय मोजू शकत नाही. ते मोजणे आपल्या अंतःकरणावर सोपवलेले आहे, आणि अंतःकरण आपल्याच बाजूचा वकील लावते. मी काय केले, मी तर नुसते पुढे पाठवले. माउली, हा बचाव आपल्या संप्रदायात चालत नाही असे मला वाटते. आपण कीर्तनाला उभे राहतो तेव्हा अभंगही आपण लिहिलेला नसतो. तोही पुढे पाठवलेलाच शब्द. पण गादीवर उभे राहिल्यावर त्या शब्दाचे ओझे कीर्तनकाराच्या खांद्यावर येते. चुकीचा पाठ म्हटला तर मागचा टाळकरी दुरुस्त करतो, आणि चारचौघांत केलेली ती दुरुस्ती ऐकून घ्यावी लागते.

त्याच १ जुलैला, राईनपाड्यापासून फार लांब नसलेल्या मालेगावात, तीच अफवा घेऊन गर्दी जमली होती. पाच जण सापडले, त्यात दोन वर्षांचे एक मूल. तिथल्या एका मुसलमान कुटुंबाने त्यांना आपल्या घरात घेतले आणि दार लावून घेतले. बाहेर जमाव ओरडत होता. शेवटी पोलिसांनी त्या पाचांना जिवंत बाहेर काढले. त्या घरातल्यांनाही तेच संदेश आले नसतील का? त्याच गल्लीत राहत होते, तसलेच मोबाइल वापरत होते. पण दारात उभ्या असलेल्या माणसाकडे त्यांनी आधी पाहिले, आणि मोबाइलमध्ये काय होते ते नंतरवर टाकले. असे काय होते त्या घरात, हे मला पुन्हा पुन्हा विचारावेसे वाटते.

पुढे व्हॉट्सॲपने नियम केले. जुलै २०१८ मध्ये दुसऱ्याचा संदेश पुढे पाठवला की तसे लिहून येऊ लागले, आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणांपेक्षा जास्त पाठवता येईनासे झाले. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो. त्यावर दोन बाण दिसतात. चांगले झाले. पण ते बाण काय सांगतात तेवढे समजून घ्या. हा शब्द पुष्कळ हातांतून आला आहे आणि मूळ कोणाचा ते तुम्हाला ठाऊक नाही, एवढेच ते सांगतात. पुढचा विचार यंत्र करणार नाही.

आता आपल्या घरातलेच थोडे बोलू, कारण दुसऱ्यांच्या अफवांवर बोलणे सोपे असते. सकाळी देवाच्या चित्रावर चार ओळी येतात, खाली तुकोबारायांचे नाव. भाषा कालपरवाची, विचार कुठल्यातरी सुविचारांच्या पुस्तकातला. गाथा उघडून पाहावी तर असा अभंग कुठेच नाही. तुकोबांच्या काळी सालोमालो नावाच्या माणसाने त्यांच्या अभंगांवर आपली मुद्रा घातली, अशी खंत गाथेत आहे. आज उलटे चालले आहे. कोणाच्याही शब्दांवर तुकोबांची मुद्रा बसते, आणि ती बसवणारे, पसरवणारे आपणच माळकरी. म्हणे, विचार तर चांगला आहे ना! लेखनिकही हेच म्हणाले असते. चांगला असेल तर आपल्या नावाने पाठवावा; त्याला तुकोबा कशाला हवेत?

कीर्तनाच्या तुकड्यांचेही तसेच. दोन तासांच्या सेवेत कीर्तनकार एका अभंगाचे पदर उलगडत असतो. त्यातला अर्ध्या मिनिटाचा विनोद किंवा टोमणा कोणी कापतो आणि तो लाखो लोक पाहतात. कराचीची चित्रफीत कापणारा आणि हा, दोघांच्या हातातली कात्री एकाच जातीची आहे. काही कीर्तनकार आता त्या तुकड्यासाठीच बोलू लागले आहेत, हे त्याहून वाईट. पण त्यावर अधिकारी मंडळींनी बोलावे.

या माध्यमांनी दिलेले मी नाकारत नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी पालख्या पायी निघू शकल्या नाहीत, पादुका बसने पंढरीला गेल्या. त्या आषाढीला आपल्या वाळूजच्या छोट्या पंढरपुरालाही जाता येईना, तेव्हा कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी नातवाच्या मोबाइलवर विठ्ठलाचे मुख पाहिले आणि त्या काचेला हात जोडले. त्या हात जोडण्यात खोटे काही नव्हते. परदेशी गेलेला मुलगा रोज रात्री आईबरोबर हरिपाठ म्हणतो, तोही याच यंत्रामुळे. म्हणून मोबाइल गोदावरीत टाका, असे मी म्हणणार नाही. नाथांनी पोथ्या उतरवणे बंद करा, असे कुठे सांगितले?

एक गोष्ट मात्र या माध्यमांना जमत नाही, ती ओझरती सांगतो. नाथ गोदावरीचे स्नान करून येत आणि एक जण त्यांच्या अंगावर थुंकत असे. नाथ पुन्हा स्नानाला जात. कथेत हे १०८ वेळा होते आणि शेवटी तो माणूस नाथांच्या पाया पडतो. आपण ही कथा शांतीची म्हणून सांगतो. पण त्या थुंकणाऱ्याचाही विचार करावा. त्याला लाज वाटली, कारण प्रत्येक वेळी नाथांचा चेहरा समोर होता. फेसबुकवर कोणाच्या खाली आपण वाटेल ते लिहितो, तेव्हा समोर चेहरा नसतो आणि तो माणूस पुन्हा स्नानाला किती वेळा गेला, ते दिसत नाही. पश्चात्तापाची सोयच तिथे ठेवलेली नाही.

तर मग पाठशुद्धी करायची कशी? शोधून पाहणे अवघड नाही. अवघड आहे ते सांगणे. ग्रुपवर चुकीचे पाठवणारे बहुधा वडीलधारे असतात, मानाचे असतात. त्यांना चारचौघांत खोटे पाडणे आपल्या रीतीत बसत नाही, आणि गप्प बसावे तर तो संदेश आणखी पाच ठिकाणी जातो. याचे उत्तर आपल्याच वहिवाटीत आहे, असे मला वाटते. वारीत ऐंशी वर्षांचा माणूसही वीस वर्षांच्या पोराच्या पाया पडतो. जिथे लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, तिथे दुरुस्ती सांगायला आणि ऐकायला जागा असायला हवी.

आमच्या सिडकोतल्या भजनी मंडळात मागे असेच झाले. सुया, दाभण, पोत विकायला गल्लीत येणाऱ्या दोन बायकांचे छायाचित्र मंडळाच्या ग्रुपवर आले. या मुले पळवतात, दिसल्या की धरा. पाठवले होते आमच्या अण्णांनी, वीणा त्यांच्याकडे असते. मृदंग वाजवणारा पोरगा कॉलेजात शिकतो. त्याने ग्रुपवर काही लिहिले नाही, तो सरळ त्यांच्या घरी गेला. पाया पडला आणि म्हणाला, "अण्णा, रागावू नका. तो फोटो मी शोधून पाहिला. जुना आहे, आणि आपल्याकडचा नाही."

अण्णा म्हणाले, "मला गावाकडून आला रे. शहाण्या माणसानं पाठवला."

"त्यांना कुणी पाठवला, तेवढं विचारता का?"

अण्णांनी फोन लावला. शहाण्या माणसाने व्याह्याचे नाव सांगितले, व्याह्याने पुतण्याचे, पुतण्या म्हणाला कुठल्यातरी ग्रुपवर होता. तेवढ्यात आतून काकू बाहेर आल्या. छायाचित्रातल्या बायका त्यांनी कधी पाहिलेल्या नव्हत्या. पण म्हणाल्या, आपल्याकडं पोत घेऊन येते ती चंद्रभागेकाठची आहे, माझ्या सुनेच्या बाळंतपणात तिनंच काळ्या मण्यांची दृष्ट करून दिली, तिला धरायचं का आता?

अण्णांनी मग तो संदेश जिथे जिथे पाठवला होता ती ठिकाणे शोधून काढली, आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःचे नाव घालून लिहिले की मी पाठवलेले चुकीचे होते, कोणी त्या बायकांना त्रास देऊ नये. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते त्यांना फोन केले. बोटांना सवय नाही, चष्मा सारखा खाली येत होता, पोरगा शेजारी बसून होता. या सगळ्याला दोन तास लागले. त्या दिवशी हरिपाठाला अण्णा उशिरा आले, आणि वीणा तेवढा वेळ दुसऱ्याने धरली होती.